वगळलेला ठिपका

नाशिक रोडला बिटकोच्या सिग्नलला भारतनं स्कूटर थांबवली आणि हँडलला अडकवलेला मोबाईल थरथरायला लागला. ऑफिसचा असेल म्हणून त्यानं सहज खाली बघितलं. पडद्यावर नाव होतं, सहादू खिरपाडा. नावामागं फोटोही होता, त्यानंच काढलेला. डोक्याला पंचा गुंडाळलेला सहादू, ऊन तोंडावर आलंय म्हणून एक डोळा मिटलेला, आणि हसावं की नाही हे अजून न ठरलेलं तोंड. सहादू वणव्यात जाऊन आज बत्तीस दिवस झाले होते. भारतचा अंगठा पडद्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. सिग्नलवरचे लाल आकडे उतरत होते, बावीस, एकवीस, वीस, आणि फोटोतला माणूस एका डोळ्यानं त्याच्याकडं बघत वाजत राहिला. त्या बावीस सेकंदांत आपल्याला दुःख झालं नाही, हे भारतला नंतर दिवसभर खुपत होतं. फक्त पोटऱ्या गार पडल्या, मे महिन्यातल्या साडेनऊच्या उन्हात. फोन वाजायचा थांबला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला आणि मान बाहेर काढून म्हणाला, “ओ भाऊ, हिरवा झालाय. का पंचांग बघताय?”

गेलेल्या माणसाचा नंबर यादीतून काढायचा असतो की ठेवायचा असतो, हे कुणी शिकवत नाही. भारतनं एकदा काढायला घेतला होता, तेव्हा मोबाईलनं विचारलं होतं, नक्की काढायचा? त्यानं नाही दाबलं आणि नंबर राहिला. आता फोन सहादूच्या बायकोचा असणार, चिमणाबाईचा. घरात एकच मोबाईल होता. ती कशाला फोन करणार हेही उघड होतं. द्वारकेच्या पुलाखाली ट्रक, सिटी बस, उसाच्या रसाचे गाडे असा सगळा गलबला होता, आणि भारत त्या गलबल्यातून स्कूटर काढत काढत मनानं खिरपाड्याच्या अंगणात जाऊन बसला होता. तिसऱ्या दिवशी अंजली मॅडमबरोबर ऑफिसच्या जीपमधून तो तिथं गेला होता. मॅडम म्हणजे वणवा कक्षाच्या प्रमुख, त्याच्या साहेब. पेठच्या पुढं रस्ता संपला, मग दोन तास उतारावरून पायी. वरचा डोंगर कमरेपासून काळा झालेला. चिमणाबाईनं दोघांना घोंगडी टाकून दिली, स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं, आणि समोर खांबाला टेकून बसली. तिच्या हातात मोबाईल होता. बसल्या बसल्या ती तो पदरानं पुसत होती, कुणी भांडं पुसावं तसा. तिनं फक्त एकच विचारलं होतं, “मेसेज आलता का, साहेब?” भारत पेल्यातल्या पाण्याकडं बघत राहिला. मॅडम हळूच म्हणाल्या, “चौकशी चालू आहे, बाई. सगळं कळेल.”  तो प्रश्न भारतबरोबर नाशिक रोडला आला, जेवायला बसला, आणि गेला महिनाभर घरात मुक्कामाला होता. तो प्रश्न नव्हताच, आरोप होता, असं भारतनं धरून ठेवलं होतं.

घरी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना कळल्यासारखं होतं. आई, विमलाबाई, डब्यात पोळी एक जास्त घालायची आणि तो तीच परत आणायचा. वडील झुंबरदादा नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. छापून आलेला कागद उजेडाला धरून दोष शोधायचा, ही त्यांची अठ्ठावीस वर्षांची नोकरी. अजूनही सकाळचं वर्तमानपत्र ते आधी खिडकीला धरून आरपार बघायचे आणि मगच वाचायला बसायचे. भारत लहानपणी त्याला हसायचा. आज सकाळी ते पेपर तसाच धरून त्याच्याकडं न बघता म्हणाले, “त्या स्क्रीनमध्ये सारखा बघत असतोस. अधूनमधून डोळे मिटत जा. आम्ही दर तासाला पाच मिनिटं बाहेर येऊन झाडाकडं बघायचो. नाहीतर डोळाच ठरवायला लागतो, हा कागद चांगला असणार म्हणून. मग समोरचं दिसत नाही.” भारत बुटाची नाडी बांधत होता. गाठ बसेना. वडिलांना काहीतरी माहीत आहे की काय असं वाटून त्याचे कान तापले. त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त कामाचं ठाऊक होतं. गल्लीत जयंतीचे निळे झेंडे तारेवर अजून तसेच होते, उन्हानं फिके पडलेले. यंदा तो मिरवणुकीत गेला नव्हता. पोरांनी विचारलं तेव्हा ताप आलाय म्हणाला होता.

भारतचं काम सांगायला सोपं होतं आणि पाहुण्यांना समजावून द्यायला अवघड. वरून उपग्रह जातात, जमिनीवर कुठं जास्त तापलंय ते त्यांना दिसतं, आणि तासाभरानं नकाशावर लाल ठिपका उमटतो. आता ठिपका म्हणजे वणवाच असं नाही. कुठला ठिपका धोक्याचा, कुठं गाडी आणि माणसं पाठवायची, कुठं एका रखवालदाराला नुसता मेसेज टाकून भागेल, हे ठरवायला साहेबांना मदत करणारी एक प्रणाली त्यानं बनवली होती. वारा, उतार, गवताचा कोरडेपणा, वस्तीचं अंतर, सगळं त्यात घातलेलं. “म्हणजे आग लागली की तू विझवतोस?” असं मावशीनं विचारलं होतं. “नाही, आग कुठली आधी विझवायची ते सांगतो,” तो म्हणाला होता आणि मावशीचा चेहरा पडला होता. पहिल्या हंगामात मात्र सगळ्यांचीच फजिती झाली. मार्च उजाडला आणि पेठ-सुरगाण्याकडचा नकाशा गोवर आल्यासारखा लाल झाला. एका दिवसात दोनशेवर ठिपके. रखवालदारांचे फोन वाजायचे, माणसं धापा टाकत डोंगर चढायची, आणि वर जाऊन बघतात तर कुणीतरी निवांतपणे राब भाजतोय. पावसाआधी नागली-भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर डहाळ्या, पालापाचोळा, शेण पसरून भाजतात, तो राब. तो भाजला नाही तर रोपाच्या जागी गवत माजतं. पिढ्यान् पिढ्या भाजतात. उपग्रहाला त्यातलं काही ठाऊक नसतं, त्याला आपली ऊब दिसते. सहादू एका दिवसात अकरा वेळा चढला आणि उतरला होता. दुसऱ्या दिवशी भारतनं घाबरत घाबरत फोन केला, तर तो हसत होता. “साहेब, तुमचं यंत्र आमच्या चुलीबी मोजतंय का? आज कालवण काय केलं तेबी सांगल मग.”

त्याच आठवड्यात भारत खिरपाड्याला गेला आणि तीन दिवस सहादूच्या मागं मागं फिरला. सहादू हंगामी रखवालदार. फेब्रुवारी ते जून वणवा राखायचा आणि एरवी स्वतःची नागली. त्याच्या टाचांना एवढ्या भेगा होत्या की त्यात खडे अडकून बसायचे, ते तो काटकीनं उकरून काढायचा आणि मग पुढं चालायचा. भारतचं लक्ष सारखं त्या टाचांकडं जायचं. कुठला तुकडा कुणाचा, कुठं राब भाजतात, कुठं कधीच भाजत नाहीत, हे सहादू बोटानं दाखवायचा आणि भारत यंत्रात खूण करायचा. दुपारी करवंदीच्या जाळीत बसून नागलीची भाकरी आणि सुकटाची चटणी खाल्ली. समोरच्या डोंगरावर दोन ठिकाणी धूर होता. भारतनं विचारलं, यातला राब कुठला आणि वणवा कुठला, तुम्हाला इथून कसं कळतं? सहादूला तो प्रश्नच मजेशीर वाटला. “कळतंय की. राबाचा धूर बसतो, साहेब. जागा सोडत नाय. वणव्याचा धूर पळतो. त्याला कुठं जायचं असतं.” भारतला ते फार आवडलं. त्यानं वहीत लिहून घेतलं. पण उपग्रहाला धूर कळत नव्हता आणि प्रणालीत धुराच्या चालीला रकाना नव्हता, म्हणून ते वहीतच राहिलं. परत आल्यावर त्यानं नियम बनवला. महिना मार्च ते मे, शेतापासून तीनशे मीटरच्या आत, ऊब थोडी. असा ठिपका आला की प्रणालीनं त्याला राब म्हणायचं आणि ‘वगळलेले’ नावाच्या पानावर टाकून द्यायचं. रखवालदाराला मेसेज जाणार नाही, नकाशावर खूण दिसणार नाही. ऑफिसात सगळे त्याला गाळणी म्हणायला लागले. दोनशेचे चाळीस ठिपके झाले. बैठकीत टाळ्या पडल्या, एक प्रशस्तिपत्रही मिळालं. भारतला त्या कागदाचं फारसं काही नव्हतं. त्याला सहादूच्या टाचा दिसत होत्या. त्यानं सगळ्या रखवालदारांना फोन करून सांगितलं होतं, आता उगाच चढायचं नाही. मेसेज आला तरच निघायचं. सांगताना त्याला इतका आनंद झाला होता की त्या आनंदाची आठवणसुद्धा आता नको वाटायची.

भारत ऑफिसात पोचला तेव्हा टेबलावर एक कागद होता. काल संध्याकाळीच मॅडमनी पाठवलेला. चौकशीला द्यायची टिपणी. सदर दिवशी खिरपाडा क्षेत्रासाठी प्रणालीकडून कोणताही इशारा प्राप्त झाला नाही. खाली भारतचं नाव, हुद्दा आणि सहीची जागा. मॅडम आत आल्या, त्याच्यापुढं चहाचा कप ठेवला. वाईट बाई नव्हत्या त्या. गेल्या महिन्यात त्यांनी त्याला दोनदा घरी जेवायला बोलावलं होतं आणि तो दोन्हीदा गेला नव्हता. “भारत, पाचपर्यंत सही करून ठेव. आणि मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्याच आगी वरून दिसत नाहीत. यंत्राला दिसलं नाही, त्याला तू काय करणार?” भारत म्हणाला, “हो मॅडम.” सगळेच त्याला असं समजावायचे. शिपायापासून सगळे. यंत्राला दिसलं नाही. आणि त्या समजावण्यानं तो रडायच्या बेतात यायचा, कारण यंत्राला दिसलं होतं. वगळलेल्या पानावर तो ठिपका होता, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांशासकट. ते पान उघडून बघायचं कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण ते न बघण्यासाठीच तर बनवलं होतं. एवढ्या मोठ्या इमारतीत ही गोष्ट एकट्या भारतला माहीत होती. टिपणीतला शब्द न् शब्द खरा होता. इशारा खरंच प्राप्त झाला नव्हता. सही केली की ते कायमचं खरं होणार होतं, सहादू यंत्राला न दिसलेल्या आगीत गेलेला माणूस होणार होता, आणि भारतला उरलेली नोकरी त्या खऱ्याबरोबर काढायची होती. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मोबाईल वाजला. सहादू खिरपाडा. त्यानं तो पालथा घातला. टेबलावर पालथा पडलेला मोबाईल गुरगुरत कागदाच्या दिशेनं थोडा सरकला आणि गप्प झाला.

सहादू गेला ती, जयंतीच्या दोन दिवस आधीची दुपार. पंखा गरम हवा फिरवत होता. कॉलनीतल्या पोरांचे स्टेजच्या लायटिंगसाठी सारखे फोन येत होते आणि भारत एका कानानं त्यांच्याशी बोलत होता. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एक मोठा ठिपका उमटला होता, प्रणालीनं त्याला अतितीव्र म्हटलं, म्हणून गाडी, आग विझवायचे दोन ब्लोअर आणि चार माणसं तिकडं रवाना केली होती. ती वीटभट्टी निघाली, पण ते संध्याकाळी कळलं. तीनला दहा कमी असताना सहादूचा फोन आला. “साहेब, वरच्या अंगाला धूर हाय. तुमचा मेसेज नाय आला म्हून इचारतो.” भारतनं नकाशा बघितला. कोरा होता. मग, हे त्याला आता रोज आठवायचं, त्यानं स्वतःच्या बोटानं वगळलेलं पान उघडलं. एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. खिरपाड्याच्या वर. शेतापासून एकशे चाळीस मीटर. राब. “राब आहे सहादूभाऊ. भाजत असेल कुणीतरी.” पलीकडून वारा फोनच्या तोंडावर घासल्याचा आवाज आला. “राबच असंल. पर धूर पळतोय, साहेब.” भारतनं ते ऐकलं. त्याच्या कानावर पडलं, पार आतपर्यंत पोचलं, वहीतलं पान आणि करवंदीची जाळीसुद्धा क्षणभर दिसून गेली. तरी तो म्हणाला, “मला राब दाखवतंय. आणि गाडी आज दुसरीकडं गेलीय. थोडं थांबा. वाढलं तर मेसेज येईलच.” सहादू म्हणाला, “बरं साहेब. मेसेज आला का निघतो.” त्यात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. फोन ठेवल्यावर भारतनं स्टेजवाल्याला उलटा फोन लावला. दुपारचे उपग्रह केव्हाच निघून गेले होते. पुढचा रात्री दीडच्या आधी त्या डोंगरावरून जाणार नव्हता, आणि हे वेळापत्रक भारतला पाठ होतं. आग वाढली काय आणि पंचक्रोशी जळली काय, मेसेज येणार नव्हता. मेसेज येईलच असं तो का म्हणाला? खोटं बोलायचं म्हणून नाही. तोंडात बसलेलं वाक्य होतं, ते बाहेर पडलं.

ठिपका राबाचाच होता, हे नंतर कळलं. कुणाचा तरी राब भर दुपारी सुटला आणि गवतात शिरला. म्हणजे गाळणी चुकली नव्हती. गाळणीनं बरोबर ओळखलं होतं, आणि राब सुटून वणवा होऊ शकतो एवढी साधी गोष्ट, जी खिरपाड्याच्या शेंबड्या पोराला माहीत असते, ती तिच्यात घालायची राहून गेली होती. संध्याकाळी सहादू एका मोठ्या दगडाच्या आडोशाला सापडला. हातात आग झोडपायचा डहाळा होता, त्याची पानं जळून नुसती काठी राहिलेली. घळीतून वारा वर फिरला असणार. एवढं सगळं भारतनं वाचलं होतं, पंचनाम्याच्या सात पानांत. एकच गोष्ट कुठल्याच पानावर नव्हती. मेसेज आला का निघतो, असं म्हणालेला, शब्दाला जागणारा माणूस मेसेज न येता निघाला कसा? आपल्यावरचा भरवसा उडाला म्हणून निघाला की भरवसा असूनही निघाला? यातलं कमी वाईट कुठलं, हेही भारतला ठरवता येत नव्हतं. असल्या प्रश्नांना प्रणालीत तीन रंग असायचे, हिरवा, पिवळा, लाल.

दुपारचा डबा त्यानं उघडला आणि बंद केला. कपाटात एक नवी कोरी नोंदवही होती. सहादूच्या नंतर आठ दिवसांनी भारतनंच एक सूचना तयार केली होती आणि मॅडमनी ती पाड्यापाड्यांतल्या शाळांच्या भिंतींवर लावून घेतली होती. राब भाजण्याआधी या नंबरांपैकी कुठल्याही एकावर फोन करावा, वारा बघून परवानगी सांगितली जाईल. तीन नंबर, तिसरा भारतचा. गेल्या तीन आठवड्यांत एकही फोन आला नव्हता. लोक आपापले राब भाजून मोकळे झाले होते. नाशिकला बसलेल्या माणसाला आपल्या डोंगरावरचा वारा विचारायचा, ही कल्पना त्यांनी हसण्यावारी नेली असणार, आणि भारतला त्याचा रागही आला नव्हता. वहीचं पहिलं पान पांढरं होतं. साडेचारला त्यानं टिपणी पुन्हा समोर घेतली. पेन उघडून सहीच्या जागेवर टेकवलं. शाईचा एक बारीक ठिपका कागदावर उतरला आणि पसरायला लागला. तो हात उचलू शकेना आणि सहीही करू शकेना. पाच वाजले. बाहेर लोक निघाले, जिन्यात चपला वाजल्या. पावणेसहाला मोबाईल वाजला. नाव, पंचा, मिटलेला एक डोळा. आता काय बोलायचं ते बोलू दे तिला, शिव्या घालू दे, असं म्हणून त्यानं फोन घेतला.

“साहेब का? मी चिमणाबाई. सहादूच्या घरची.”

“बोला वहिनी.”

“सकाळधरनं लावते. कामात असाल म्हून दम धरला. ते शाळंवर कागद लावलाय ना, राब भाजायच्या आधी फोन करा म्हून. मास्तरनी वाचून दाखवलं. मंग केला. आमचा राब ऱ्हायलाय. समद्यांचे झाले. भाजू का?”

भारतला तिचं म्हणणं कळायला वेळ लागला. दिवसभर जे ऐकायची त्यानं तयारी केली होती, त्यात हे कुठं बसेना. आख्ख्या जिल्ह्यातून एकटीनं, आणि तिनं. त्याच्या तोंडून आपोआप नियमातलं पहिलं वाक्य यायला लागलं होतं, ते त्यानं गिळलं. दारात अंजली मॅडम येऊन उभ्या होत्या, पर्स खांद्याला, टिपणी न्यायला आलेल्या. भारतनं त्यांच्याकडं बघितलं आणि फोनमध्ये बोलायला लागला.

“वहिनी, आधी माझं ऐका. तुम्ही विचारलं होतं, मेसेज आला होता का. मेसेज पाठवला नाही. पण आग मला दिसली होती. सहादूभाऊंनी फोन केला तेव्हा ठिपका माझ्यासमोर होता. ते म्हणाले, धूर पळतोय. मी म्हणालो, राब आहे. वाढलं तर मेसेज येईल म्हणालो. तो येणारच नव्हता, वहिनी. मला माहीत होतं.”

पलीकडं कोंबडी ओरडली. कुणीतरी लांबून कुणालातरी हाक मारली. फोन कटला की काय म्हणून भारतनं पडदा बघितला. सेकंद पुढं जात होते.

“फोन मोहाच्या झाडाला टांगून गेले ते,” ती म्हणाली. “वर रेंज नाय. हितं मोहाखालीच घावते. म्हनले, साहेबाचा मेसेज आला का हाळी दे, तवर मी बघून येतो नुसता. मी फोन खाली घेऊन बसले. दिवस बुडला तरी बसले. मला वाटायचं, वाजला असंल. मलाच कळला नाय. मी मधी पानी आनाया गेलते, तवाच वाजला असंल. म्हून इचारलं तुमाला, आलता का. तुमी बोलले नाय. मंग रोज उघडून बघते, कुठं दिसतो का.”

“नाही वहिनी. वाजलाच नाही.”

“वाजलाच नाय,” चिमणाबाई म्हणाली. आणखी एकदा म्हणाली, हळू, स्वतःशी. मग तिचा श्वास तुटत तुटत आला आणि ती रडली. फार नाही, जेवढं फोनवर परक्या माणसासमोर रडता येतं तेवढं. भारतच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्याला पुसायचं सुचत नव्हतं. आरोप म्हणून महिनाभर जपून ठेवलेला तो प्रश्न, एका बाईनं स्वतःवरच ठेवलेला आरोप होता. त्याच्या एका शब्दानं तो गेला असता. तो शब्द तोंडात ठेवून भारत पेल्यातलं पाणी बघत बसला होता. दारातल्या मॅडमनी पर्स खांद्यावरून काढली, खुर्चीत ठेवली, आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“मंग भाजू का?” चिमणाबाईनं नाक ओढून विचारलं. “ढग याया लागलेत, साहेब. भिजला तर जळायचा नाय.”

स्क्रीनवर खिरपाड्याचा वारा ताशी अकरा किलोमीटर होता, पश्चिमेकडून, मध्यम. रंग पिवळा. भारतनं स्क्रीनवरची नजर काढली. “वहिनी, चूल पेटलीय का तुमची? तिचा धूर कुठं चाललाय?”

ती बघत असावी. “उभा चाललाय. सरळ.”

“कडेनं झाडून घेतलंय? कोण कोण आहे तिथं?”

“दोन हात झाडलंय समद्या अंगानं. जावा हायेत, कुसाबाई हाय. पानी भरून ठेवलंय, डहाळे हायेत. समदं केलंय, साहेब. तुमी सांगायची वाट बघतो.”

नको म्हटलं तर तिचं रोप जाणार. हो म्हटलं तर. भारतला वाटलं, आपण आजवर हजारो ठिपक्यांचा निकाल लावला आणि असं एकदाही विचारलेलं नाही, चुलीचा धूर कुठं चाललाय.  “भाजा,” तो म्हणाला. “फोन बंद करू नका. मोहाला टांगून ठेवा.”

फोन हलला, फांदीला घासला, मग नुसती मोकळी हवा ऐकू यायला लागली. लांब बायकांचे आवाज. थोड्या वेळानं चुर्र असा बारीक आवाज झाला, तो वाढत गेला, वाळलेल्या फांद्या तडतडल्या. मॅडमनी खालच्या आवाजात विचारलं, “नकाशावर येईल का ते?” भारतनं मान हलवली. रात्री दीडपर्यंत वरून कुणी जाणार नव्हतं. स्क्रीनवर पेठचा डोंगर कोरा होता, त्यावर एकही ठिपका नव्हता, आणि भारतच्या कानात आग जळत होती. त्यानं डाव्या हातानं टिपणी ओढली आणि ‘प्राप्त झाला नाही’ यावर रेघ मारली. वर लिहिलं, ठिपका आला होता, मी पाहिला होता. खाली सही केली.  कानातली आग मोठी झाली तेव्हा भारत खुर्चीच्या कडेवर आला, उठला, पुन्हा बसला. त्याच्या हातात डहाळा नव्हता, पाणी नव्हतं, तिथं पोचायला साडेचार तास लागले असते.

“वहिनी,” तो मोठ्यानं म्हणाला. “वहिनी, धूर?”

कुणी ऐकलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. तडतड चालूच होती. मग पावलं जवळ आली आणि चिमणाबाईचा दमलेला आवाज आला.

“बसलाय, साहेब. जागा सोडत नाय.”

भारतनं नवी नोंदवही उघडली. पहिल्या ओळीत तारीख लिहिली, खिरपाडा लिहिलं, चिमणाबाई सहादू लिहिलं. धुरासाठी रकाना नव्हता. त्यानं समासात लिहिलं, आणि राब विझेपर्यंत फोन कानाला लावून बसून राहिला.